वक्तशीर कुणाला म्हणतात

सरांनी माझ्या हातातलं ओवाळायचं ताट काढून घेतलं. भर पटांगणात, सगळ्या पोरींम्होरं. आन दिलं मालकाच्या पोरीला. ती नुकतीच गाडीवरून उतरली होती. तिची माय मालकीण, आन माझी माय त्यांच्या गोठ्यात शेण काढायची.

झरी गावाकडची आमची शाळा, सव्वीस जानेवारी. आदल्या दिशी सर म्हणले होते, "जी सगळ्यात आधी येईल तिनं पाहुण्यांला ओवाळायचं." मी खरं धरलं. अंधारातच निघाले. पटांगण झाडलं, सतरंज्या हातरल्या, ताट लावून उभी ऱ्हायले. पाहुणे ऊन चढल्यावर आले. त्यांला कोण बोलणार?

मी म्हणले, "सर, मी आधी आले."

सर हसले. "हाव की. तू लय वक्तशीर हायस. म्हणून तर झाडायला तुलाच बोलावतो."

सगळे हसले. मला जीव नकोसा झाला.

दुसऱ्या दिशी सरांनी तोच शब्द फळ्यावर लिहिला. वक्त म्हंजे वेळ. अरबीतून फारसीत गेला, निजामाच्या कचेऱ्यांतून आपल्याकडं आला. वेळ पाळणारा तो वक्तशीर. चांगला गुण हाय, म्हणले.

असंल. आमच्या घरात तो मालकिणीच्या तोंडून आला. "वख्तावर येत जा गं," असं ती मायला रोज सुनवायची. मालकाला वक्तशीर म्हणलेलं मी आजवर ऐकलं न्हाई. तो सगळ्यांला ताटकळत ठेवायचा.

मंग निरोप समारंभ आला. सर म्हणले, "उद्या लवकर ये."

"बेल झाल्यावर येते. सगळ्यांसंगं."

सरांनी मालकाच्या कानावर घातलं. सांजच्याला माय काम गेल्याचं सांगतच घरी आली. मला लय मारलं तिनं. मारता मारता रडायली. त्या साली ती ऊसतोडीला गेली, आन माझी शाळा तिथंच सुटली.

आता मी परभणीत एका हापिसात झाडलोट करते. साहेब दुपारी येतात आन मला वक्तशीर म्हणतात. काय बी बदललं न्हाई. बदलंल असं वाटत बी न्हाई.

यंदा माझी पोर पहिलीत गेली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला सांगितलं, "तू जरा आधी येत जा, वर्ग झाडायला." तवापासून मी तिचा हात धरून शाळेच्या फाटकाबाहेर उभी ऱ्हाते. बेल झाली की सोडते. त्यापायी मला कामावर उशीर होतो. साहेब म्हणले, काढून टाकीन.

टाका. मी उद्या बी उशिराच येणार हाय.