वेलची न घातलेलं आतोले

आज क्रॉयडनच्या माझ्या किचनमध्ये तांदळात दालचिनी उकळतेय, आणि त्या वासाने मला थेट सात वर्षांमागच्या ब्रिस्टलच्या स्टुडंट हाऊसमध्ये नेलंय.

माझ्या मेक्सिकन हाऊसमेटचा, लुसियाचा, व्हिसा नाकारला होता. निव्वळ अन्याय! मी टेबलभर पत्रकं पसरून तिच्या बाजूने तावातावाने लिहीत होते. ती मात्र शांतपणे आतोले ढवळत होती; तांदूळ, दूध आणि दालचिनीचं, थंडीत गरमगरम प्यायचं पेय. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती.

"जायच्या आधी तुला माझ्या आईच्या हातची चव दाखवायचीय," ती म्हणाली.

"अगं, ही तर आमची खीर!" म्हणत मी उठले आणि न विचारता वेलचीपूड टाकली.

तिने घोट घेतला. "छान आहे. पण आईचं नाही राहिलं," ती हसली. "माझ्यासाठी एवढं लिहितेस, मला एकदा विचार तरी!"

तेव्हा मला रागच आला होता. नंतर उमगलं: सरकार माणसांना विचारत नाही म्हणून बोंबलणाऱ्या मीच तिला विचारलं नव्हतं.

आज वेलचीचा डबा कपाटातच आहे. लुसिया फोनवर आहे.

"साखर घालू आता?"

"थांब गं, दूध आटू दे."

मी थांबलेय.