सहा नंबरच्या चपला

मुरबाडच्या आमच्या चपलांच्या दुकानात कॉम्प्युटर आणायचा हट्ट माझा होता, म्हणून त्या वर्षी भीतीही माझ्याच वाट्याला आली. म्हशाची जत्रा तोंडावर होती. मागच्या जत्रेत आमच्या स्टॉलचा धंदा बसला होता. यंदाही बसला तर दुकान बंद, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. कल्याणचा ठोक व्यापारी दिलेला माल परत घेत नसे.

मी मागच्या जत्रेची बिलं स्क्रीनवर काढली. बायकांच्या चपलांत सहा नंबर सगळ्यात जास्त खपला होता.

"मग सहाच मागव," सासरे म्हणाले. त्यांनी इतका पटकन विश्वास ठेवला, की मीच बिलं पुन्हा तपासली.

व्यापाऱ्याला फोन करण्याआधी मी बाजारात गेले. स्टँडसमोर वाडीवरची एक बाई आवळे विकत बसली होती. पायात आमच्याच चपला, सुतळीने घोट्याला बांधलेल्या. बोटांपुढे बरीच जागा रिकामी.

"एवढ्या मोठ्या कशाला घेतल्या?" मी विचारलं.

"तुमच्याकडं याच व्हत्या. घरच्यांच्या काड्या पन आनल्या व्हत्या. येक बी बसली नाय गो."

वाडीवरून जत्रेला एखादंच माणूस येतं. बाकीच्यांच्या पायाच्या मापाने काड्या मोडून आणतं, काडी चपलेवर ठेवून बघतं. आम्ही सहा नंबर जास्त आणला होता, म्हणून तोच खपला. तशाच परत गेलेल्या काड्यांचं बिल कोण करणार?

मी तीन आणि चार नंबर मागवले.

"तुझं मशीन तर सहा म्हणतंय," सासरे म्हणाले. आता चुकलं तर कॉम्प्युटरवरही ढकलता येणार नव्हतं.

जत्रेत दुपारपर्यंत आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. सासरे माझ्याकडे बघतही नव्हते. मग ती बाई आली. तिने पदराची गाठ सोडून काड्या काढल्या. पहिली काडी चपलेवर ठेवली. बसली. दुसरीही बसली.

शेवटी तिने स्वतःसाठी चार नंबर घातला. जुन्या चपलांची सुतळी सोडली आणि नीट गुंडाळून पिशवीत ठेवली.

"आता ती कशाला?" मी विचारलं.

"असूं दे. फुडच्या साली तू काय आनशील, काय भरवसा?"