पांढरा सोडलेला चौकोन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. ज्या मित्राबरोबर ऑफिस चालवतो त्याला माझे बाकी सगळे प्रताप माहीत आहेत — एका बंगल्याच्या प्लॅनमध्ये मी जिनाच विसरलो होतो, तेसुद्धा. हे मात्र नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर असू दे.

सुरुवात कुठून करू? शहापूरच्या खोलीपासूनच करतो.

मी खानापूर तालुक्यातला. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. बेळगावात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा पहिले काही महिने मी गावाहूनच ये-जा केली. एकदा भरल्या बसमध्ये एका बाईनं माझ्या थर्माकोलच्या मॉडेलवर बाजाराची पिशवी ठेवली, आणि आठवडाभर राबून उभी केलेली शाळा खानापूर स्टँडवरच भुईसपाट झाली. त्यानंतर वडिलांनी ओळखीतून शहापुरात खोली बघून दिली. घर विणकराचं. पुढची खोली मला, मधल्या दोन त्यांना, आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग. घरधनी आप्पा आणि त्यांची बायको आक्का. मुलगी लग्न होऊन इलकलला गेलेली. घरात दोघं आपसात कानडी बोलायची, माझ्याशी गल्लीतलं मराठी.

आप्पा माग चालवायचे, आक्का सुताच्या कांड्या भरायची आणि तोंडाचा पट्टा चालवायची. तिच्या तोंडाला लागू नये असं गल्लीत सगळेच म्हणत. माझ्या अंघोळीच्या गरम पाण्यावर तिचा पहारा असे. “आर्किटेक्ट होणार म्हणं ह्यो! आधी अंथरूण घडी घालाय शीक.” पण मला यायला उशीर झाला तर भाकरी झाकून ठेवलेली असायची, वर वाटीभर झुणका. पाच वर्षं. मी तिला घरचाच वाटत होतो — हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढचं समजायला ते लागेल.

शेवटच्या वर्षी मी थीसिसला विषय घेतला — बेळगाव शहरातल्या सार्वजनिक सांस्कृतिक जागा. तळ्याकाठी भजनासाठी मंडप, बाजारात वाचनकट्टा, असं बरंच काही होतं. पण माझा जीव होता तो शहापूरच्या चौकात. आमच्याच घरामागं एक मोकळी जागा होती — बुजवलेली विहीर, पिंपळ, एका अंगाला गणेश मंडळाची पत्र्याची शेड, दुसऱ्या अंगाला आप्पांची मागाची. तिथं मी विणकर चौक काढला. उघडा रंगमंच, समोर चढत जाणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या दगडांवर साडीच्या काठाची नक्षी. विणकरांच्या कलेला मानवंदना — हे शब्द माझेच, शीटवर मोठ्या अक्षरांत. आज ते आठवले की जीभ चावावीशी वाटते.

जागा अपुरी पडत होती. गाइडनी सांगितलं, “पायऱ्या कमी कर, नाहीतर मंच सरकव.” मी तसं काढूनही बघितलं. होत होतं. पण लहान दिसायचं, केविलवाणं. ज्युरीसमोर ते लावायची मला लाज वाटली.

आमच्या धंद्यात एक नकाशा असतो. बांधलेलं सगळं काळं भरायचं, मोकळं सगळं पांढरं सोडायचं. शहर कुठं दाटलंय, कुठं श्वास घेतंय, ते एका नजरेत कळतं. मी त्या दुपारी खोलीत बसून तो नकाशा भरत होतो. घर काळं केलं. शेजारची घरं काळी केली. मंडळाची शेड काळी केली. आणि आप्पांची शेड — बोटाच्या नखाएवढा चौकोन — पांढरी सोडली.

मागं माग चालूच होते. त्यांची खडखड ऐकत मी तो चौकोन पांढरा सोडला. मंच बसला, पायऱ्या बसल्या, सगळं कसं ऐसपैस झालं.

चूक होती का ती? नजरचूक? — नाही. मी स्वतःला बरीच वर्षं तसं सांगून बघितलं. दोन पत्र्याच्या शेडी होत्या, दोन्ही गल्लीच्या सामाईक जागेवर, दोन्हींना धड कागद नाही. मग एक काळी आणि एक पांढरी का? कारण मंडळाच्या शेडला हात लावायची माझी छाती नव्हती. कागदावरसुद्धा नव्हती. मंडळाच्या पोरांनी मला गल्लीत फिरू दिलं नसतं. आप्पांच्या बाजूनं कोण उठणार होतं? आमची गल्ली मराठ्यांची, कानडी घर ते एकच. बाकीचे विणकर पलीकडच्या गल्ल्यांत. गल्ली त्यांच्याशी वाईट वागत नव्हती, सणासुदीला ताटं इकडून तिकडं जात. पण त्यांच्यासाठी कुणी उठून उभं राहिलं नसतं, आणि हे मला माहीत होतं. मनात मी ते वाक्य पुरं केलं नाही, एवढंच. मी चारचौघांत नेहमी सांगतो, की सीमाभागात राहून मी कधी भाषेचा भेद केला नाही, कानडी माउलीच्या हातचं जेवलो. जेवलो खरं.

थीसिसला उत्तम गुण पडले. कॉलेजनं सगळ्यांच्या कामाचं प्रदर्शन मांडलं, आणि आप्पा-आक्का बघायला आली. मी बोलावलं नव्हतं. आक्का ठेवणीतली साडी नेसून, आप्पांना धुतलेला सदरा घालायला लावून आलेली. सगळ्या मॉडेलांवरून तिची नजर फिरली आणि माझ्या नकाशापाशी थांबली.

“आमचं घर कुठं हाय रं ह्यात?”

मी दाखवलं. तिनं त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि खुदकन हसली. मग म्हणाली, “आन माग?”

बघा — तिथं मला सांगता आलं असतं. आक्का, शेड धरली नाही, कॉलेजपुरतं आहे. तिनं चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. मी म्हणालो, “ते बी हाय की. घरातच धरलंय.” आणि त्याच काळ्या ठिपक्यावर बोट फिरवलं.

ती आप्पांकडं वळली. “नोडप्पा,” म्हणाली, म्हणजे बघ बाबा, “आपलं माग बी काढलंय पोरानं.” आप्पांनी चष्मा पुसून परत बघितलं.

ती दोघं पुढच्या टेबलाकडं गेली तोवर आमच्या भागातले नगरसेवक आले. मॉडेल त्यांना आवडलं. “लई झक्कास केलासा की! असलं कायतरी व्हायला पायजे आमच्या वॉर्डात.” मग नकाशावर वाकून त्यांनी विचारलं, ही पांढरी जागा आत्ता मोकळी आहे काय? आक्काची पाठ मला दिसत होती. हाक मारली असती तर वळली असती. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “मोकळीच आहे, सर. एक शेड आहे, पडीक.”

पडीक. त्या सकाळीही आप्पांनी माग चालवून, कापडावर धडपा टाकूनच घरातून पाय काढला होता.

एवढ्यावर काय होतंय, असं मला वाटलं. विद्यार्थ्यांची डिझाइनं कोण बांधतं? पण नगरसेवकांनी मनावर घेतलं, माझे नकाशे मागून घेऊन महापालिकेत दिले. मी पास होऊन एका आर्किटेक्टकडं नोकरीला लागलो होतो, राहायला अजून त्याच खोलीत. एके दिवशी शेडच्या दाराला नोटीस डकवलेली दिसली. आक्का ती सोलून माझ्याकडं घेऊन आली. सार्वजनिक जागेवरील पडीक शेड काढण्याबाबत, हरकत असल्यास अमुक दिवशी महापालिकेच्या ऑफिसात हजर राहावं. तो ‘पडीक’ शब्द मी ओळखला. माझाच होता.

“तू चल आमच्यासंगं,” ती म्हणाली. “तुज्या नकाशात आमचं माग हाईत न्हवं? मी डोळ्यानं बघितलंय. ह्या लोकांनी हापिसात बदललं आसनार. तू सांगितलंस की ऐकत्यात.”

मी येतो म्हणालो. येतो म्हणालो, आणि त्या सकाळी उठून निपाणीची बस धरली. निपाणीत आमच्या ऑफिसचं एका तंबाखूच्या जुन्या वखारीचं काम चालू होतं. त्या दिवशी मला तिथं कुणीही बोलावलं नव्हतं. वखारीत जरा वेळ टेप घेऊन उगाच मापं घेतली, मग स्टँडवर येऊन बसलो. फोन बंद केला. समोर बेळगावची बस लागायची, भरायची, निघायची. मी प्रत्येक बस जाऊ दिली.

तिकडं काय झालं ते आक्कानंच मला सांगितलं, रात्री जेवण वाढता वाढता. गल्लीतलं कुणी बरोबर आलं नव्हतं. साहेबांनी नकाशा पसरला आणि ही जागा मोकळी आहे म्हणून दाखवलं. आप्पा म्हणाले, इथं माझं माग चालत्यात की, येऊन बघा. साहेब म्हणाले, जागेचा कागद आणा. कागद कुठला असणार? आक्काच्या सासऱ्यांच्या वेळची शेड, लाइटबिल तेवढं आप्पांच्या नावावर. तेव्हा आक्का मधे पडली. पोराच्या मूळ नकाशात आमचं माग आहे, मी कॉलेजात बघितलंय, त्याला इचारा, तो येतोच आहे, असं तिनं भर ऑफिसात ठणकावून सांगितलं. साहेबांनी हातातला नकाशा तिच्यापुढं धरला. “बाई, हाच त्याचा नकाशा. खाली नाव वाचा.” ती म्हणाली, खोटं हाय. बदललाय तुम्ही. तिला बाहेर बसायला सांगितलं. ती बाहेर बाकावर बसून ऑफिस बंद होईपर्यंत माझी वाट बघत होती.

“अर्जंट काम निघालं,” मी म्हणालो.

“व्हय रं. नोकरी हाय, न्हाय म्हणून कसं चालंल,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती खाल्ली.

तुम्ही विचाराल, त्यानंतरही वेळ होता की? होता. मंच थोडा सरकवला, पायऱ्या कमी केल्या की शेड वाचत होती. ते ड्रॉइंग माझ्याजवळ तयार होतं. नेऊन दाखवायचं तर आधी सांगावं लागलं असतं, की मी खोटं बोललो होतो. माझी पहिली बांधली जाणारी वास्तू, पेपरात नाव येणार, गावात वडील चार लोकांना सांगत सुटलेले. मी तोंड शिवून बसलो.

शेड पाडायच्या आधी माग बाहेर काढले. उचलायला मंडळाची पोरं आली, मनापासून राबली, बिचारी. मीही एका बाजूनं हात लावला. माग भंगारात गेले, ते जुने होते, कुणी चालवायला घेईना. आप्पा उद्यमबागेत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. आयुष्यभर बसून काम केलेला माणूस, त्याला दिवसभर उभं राहायचं काम. घर इतकं शांत झालं की मला तिथं बसवेना. ऑफिसजवळ खोली मिळाली, असं सांगून मी बाहेर पडलो.

चौक बांधून झाला. उद्घाटनाला मला शाल-नारळ दिला. आक्का आली होती, टाळ्या वाजवत होती. गल्लीतल्या बायकांना ती अजून सांगते, माझ्या पोराच्या नकाशात आमचं माग होतं, हापिसवाल्यांनी खोडलं, पोरानं लई धावपळ केली पर त्याचं कोण ऐकणार. माझ्या कानावर हे कितीतरी वेळा आलंय. मी एकदाही तिला थांबवलं नाही.

आप्पांचं तसं नाही. नमस्कार केला तर हात वर करतात आणि दुसरीकडं बघतात. नकाशा त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून बघितला होता, त्यांना काय दिसलं, हे विचारायची हिंमत मला झालेली नाही.

मागच्या वर्षी आक्काचा फोन आला. आप्पांचे गुडघे गेले, नोकरी सुटली. चौक झाडायला बाई ठेवणार आहेत असं तिच्या कानावर आलं होतं. “तुजी वळख हाय न्हवं तितं? जरा सांगून बघ की रं.”

मी तिथल्या तिथं नगरसेवकांना फोन लावला. ते म्हणाले, तुमचा शब्द म्हटल्यावर काय, पाठवून द्या उद्यापासून. झालं. एवढंच लागत होतं — माझा एक फोन.

आता ती रोज सकाळी पायऱ्या झाडते. मंचासमोरच्या खालच्या पायऱ्या आहेत, तिथं दोन्ही माग होते. पिंपळाची पानं तिथंच जास्त पडतात. कधी कामानिमित्त त्या बाजूला गेलो आणि तिनं बघितलं, तर झाडू बाजूला ठेवून येते, पदराला हात पुसते आणि माझी दृष्ट काढायला माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडते. “तुज्यामुळं दोन घास मिळत्यात रं,” म्हणते. ती आता वाकली आहे, तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नाही. मी मान खाली करून उभा राहतो.