रिकाम्या गव्हाणीतलं टोपडं

आधीच माफी मागतो. आगमनकाळाचा अर्थ चर्चच्या पाळकांनी सांगावा, वडीलधाऱ्यांनी सांगावा. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, पण चारचौघांत प्रार्थना करायची तर अजून जीभ अडखळते. तरी या वर्षीचे ते दिवस मनातून जात नाहीत, म्हणून लिहितो.

नाताळाआधीचे चार रविवार आम्ही वाट पाहण्याचे मानतो. मी शिकतो त्या जळगावच्या चर्चमध्ये तेव्हा वेदीपुढे रिकामी गव्हाण मांडतात. येणाऱ्या बाळासाठी म्हणून लोक तिच्यात नवं टोपडं, दुपटं ठेवतात. नंतर ते दवाखान्यातल्या गरीब बाळंतिणींना जातं.

होस्टेलवरचा माझा रावेरचा रूम पार्टनर चिडवायचा, "तारीख तर कॅलेंडरवर छापलेली असते लेका! तुम्ही वाट कसली बघता?"

मी हसायचो.

घरी मात्र खरीच वाट पाहणं चाललं होतं. ताई बाळंतपणाला दोंडाईचाजवळच्या आमच्या गावी आली होती. आमच्या भागात बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. मागच्या खेपेला आईनं, ख्रिस्ती माणसानं असलं मानू नये म्हणून, सगळं आधीच शिवलं होतं. ते बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. या वेळी आईनं सुईत दोरासुद्धा ओवला नाही.

तिसऱ्या रविवारी मी बाजारातून एक पिवळं टोपडं घेतलं आणि गव्हाणीत ठेवलं. फोनवर आईला सहज सांगून बसलो.

"कोनासाठे लिधं?" कोणासाठी घेतलं हे विचारताना तिचा आवाज एकदम बदलला.

"चर्चसाठे, आई. येशूबाळासाठे."

"तो देवना पोऱ्या. त्यानं बठ्ठं ठरेल व्हतं. आपलं काय ठरेल शे?" देवाच्या मुलाचं सगळं आधीच ठरलेलं, आपलं काहीच नाही, असं तिचं म्हणणं. मग म्हणाली, "तठेच ऱ्हाऊ दे. घरमा आनू नको."

त्याच आठवड्यात ताईचं बीपी वाढलं आणि तिला धुळ्याला हलवलं. दिवस अजून भरले नव्हते. माझी श्रद्धा एक सांगत होती, मनातली भीती दुसरंच. प्रॅक्टिकललासुद्धा एकच विचार डोक्यात यायचा: मी टोपडं घेतलं म्हणून तर नाही?

चौथ्या रविवारी उपासनेच्या आधीच गव्हाणीपाशी गेलो. टोपडं काढून घ्यावं, हाच विचार होता. ते दुपट्यांच्या खाली गेलं होतं, फक्त नाडी दिसत होती. हात पुढे केला आणि येशूची आई मरीया आठवली. तिला तरी कुठं तारीख माहीत होती? तिच्याजवळ देवदूतानं दिलेला नुसता एक शब्द होता, आणि रस्ता, आणि भरलेलं पोट. भीती तिलाही वाटली असेल. भीत भीतच तिनं बाळाला गुंडाळायची बाळंती घडी करून सोबत घेतली असतील.

मी हात मागे घेतला. धैर्य आलं असं नाही म्हणणार. शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. सगळे गात होते, माझं लक्ष खिशातल्या फोनवर.

दुसरं गीत चालू असताना तो थरथरला. दाजींचा नंबर पाहून बाहेर पळालो. पलीकडून आधी नुसता दवाखान्याचा गलका आला. मग मुलगी झाल्याचं सांगणारा त्यांचा बसलेला आवाज: "पोर व्हयनी. वजन कमी शे, काचनी पेटीमा ठेवेल शे. पन मायलेकी दोन्ही जित्या शेतस."