एकही फोड नसलेल्या छत्तीस सहली

आमचे भावोजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेतात, डबीत घालून भावोजींकडे पाठवतात, आणि भावोजी दहा बाय बाराच्या खोलीत बसून गुलाबी हिरड्यांवर एकेक दात बसवत जातात. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे शंभरेक जबडे मांडलेले असतात. दिवसभर माणसांच्या तोंडाशी संबंध, पण स्वतःचं तोंड उघडायची सवय नाही. माझी ताई म्हणते, "लग्न ठरताना मी ह्यांना तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोन्हींना मान हलवली आणि तिसऱ्याला शिंकले."

असा माणूस स्काउट पथकाचा प्रमुख कसा झाला, तर हात वर केल्यामुळे.

माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची. नुकतीच पथकात जायला लागली होती. शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत पालकांची सभा होती. गणवेशाचा गळ्यातला रुमाल कुठे मिळतो एवढंच विचारून यायला ताईने भावोजींना पाठवलं. सभेत जिल्हा कार्यालयाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "आपल्या आधीच्या पथकप्रमुखांना बढती मिळाली. आता ही जबाबदारी कोण घेणार?" बरोबर त्याच क्षणी सगळ्या पालकांना मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. भावोजी मागच्या बाकावर रुमालाच्या विचारात होते. आपली विचारायची पाळी आली असं वाटून त्यांनी हात वर केला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढे रुमालाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

घरी आल्यावर ताईने विचारलं, "मिळाला का रुमाल?"

"मिळाला," भावोजी म्हणाले. "शिट्टीपण मिळाली."

पुढचे तीन रविवार प्रशिक्षण होतं. शिकवायला तेच बढती मिळालेले आधीचे प्रमुख. त्यांना सगळे 'सर' म्हणत. छातीवर बिल्ल्यांच्या तीन रांगा, आवाज भारदस्त, केसांचा भांग पट्टीने आखल्यासारखा. प्रशिक्षणात तंबू उभारणं होतं, पण तंबू कपाटात होता आणि कपाटाची किल्ली एका सदस्याबरोबर परगावी गेली होती. मग तंबूचं चित्र दाखवण्यात आलं. बाकीचा सगळा वेळ अर्ज कसे भरायचे यात गेला. सहलीचा अर्ज, सहलीच्या धोक्यांचा अर्ज, सहल झाल्याचा अहवाल, अहवाल पाठवल्याचा दाखला. भावोजींनी सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर बारीक, दातांच्या नोंदी करतात तसं.

जिल्हा कार्यालय म्हणजे दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. चिटणीसबाई तिथल्या सर्वेसर्वा. दिवसभर त्या जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत नोकरी करत आणि संध्याकाळी विरंगुळा म्हणून इथे येऊन तेच काम फुकट करत. त्यांनी भावोजींच्या हातात सहा वर्षांची फाइल ठेवली.

"नीट वाचा. सरांच्या अहवालांवरच आपल्याला उत्कृष्ट जिल्ह्याची ढाल मिळाली आहे."

भावोजींनी वाचली. वर्षाला सहा याप्रमाणे सहा वर्षांत छत्तीस सहली. मार्ग प्रत्येक वेळी तोच: टेकडी, ओढा, ओढ्यावरचा लाकडी पूल, पलीकडचा माळ. हवा आल्हाददायक. मुलांनी शिस्त पाळली. हरवलेल्या वस्तू: निरंक. पायाला आलेले फोड: निरंक. छत्तीस वेळा निरंक. भावोजी भारावून गेले. पुढच्या शनिवारी त्यांनी पथकातल्या सगळ्यात मोठ्या मुलीला विचारलं. ती चौदा वर्षांची, उंचीमुळे तिला सगळे 'लांबी' म्हणत.

"पुलाकडे जाताना टेकडीला कुठून वळसा घालायचा?"

"कुठला पूल, काका?"

"सहलीला जाता ना तुम्ही?"

लांबीने इकडेतिकडे पाहिलं. "चार वर्षं झाली मला. आम्ही इथे गोल करून उभे राहतो, प्रतिज्ञा म्हणतो, सर फोटो काढतात, मग घरी जातो. एकदा फोटोसाठी पाठीवर पिशव्या अडकवल्या होत्या. आत वर्तमानपत्रं भरलेली."

भावोजींनी मान हलवली. बाईंना काही बोलले नाहीत, सरांना तर नाहीच. त्यांनी फक्त परवानगीचा अर्ज भरला, उत्तरासाठी पाच आठवडे वाट पाहिली, एकदा आठवणीचं पत्र टाकलं, आणि बावीस मुलं घेऊन रविवारी सकाळी निघाले.

त्या सहलीची हकिगत भाचीने मला इतक्यांदा सांगितली आहे की मीच जाऊन आलो असं वाटतं. ओढ्यावर पूल नव्हता. दोन्ही काठांना दगडी खांब होते, मधे नुसतं पाणी. सगळे गुडघाभर पाण्यातून गेले. 'चष्मिस' नावाच्या मुलाचा चष्मा ओढ्यात पडला, तो शोधायला बावीस जण वाकले आणि सहा जण आणखी भिजले. चष्मा सापडला. परत येताना वाट चुकून सगळे एका कोंबड्यांच्या फार्ममागे निघाले. तिथल्या कुत्र्याने अर्धा मैल साथ दिली. दुपारी भाजलेले बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे होते, तरी एकही उरला नाही. पथक दोन तास उशिरा परतलं तेव्हा व्यायामशाळेच्या फाटकात पालक फणफणत उभे होते. पण मुलांचे चेहरे बघून कुणाला ओरडायला सुचेना.

"परत कधी?" एवढंच मुलं विचारत होती.

सोमवारी भावोजींनी अहवाल लिहिला. कवळीवाल्याचा अर्धा मिलिमीटर चुकला तर माणसाला जेवता येत नाही, त्यामुळे अंदाजे काही लिहायची त्यांना सवय नाही. त्यांनी लिहिलं: "पूल नाही. वाट चुकली, एकदा. रडले, तीन. त्यांपैकी दोन हसून थांबले, एक बटाटा मिळाल्यावर. फोड, एकूण चौदा: उजवी टाच नऊ, डावी टाच चार, अंगठा एक (माझा)." सोबत पावलाची आकृती काढून फोडांच्या जागा ठिपक्यांनी दाखवल्या होत्या.

कार्यालयात हाहाकार उडाला. परवानगीच्या अर्जाला पाच आठवड्यांत उत्तर न देणाऱ्या कार्यालयाने चौकशी समिती दोन दिवसांत नेमली. समितीत अध्यक्ष म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर, चिटणीसबाई, आणि अनुभवी जाणकार म्हणून सर. भावोजींनी मला सोबत नेलं. बोलायची वेळ आली तर असावं कुणी, म्हणून. मला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

अध्यक्ष म्हणाले, "सहा वर्षांत एक फोड नाही आणि तुमच्या पहिल्याच सहलीत चौदा? हे कसं काय?"

"मोजले म्हणून," भावोजी म्हणाले.

"पूल नसल्याचं आधी का नाही कळवलंत?" बाईंनी विचारलं.

"मला वाटलं, पूल आहे. छत्तीस अहवालांत आहे."

सर पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

"पडला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"पडला असेल," सर म्हणाले.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"हल्लीच."

भावोजींनी घसा साफ केला. एका बैठकीत त्यांना तिसऱ्यांदा बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "माझी एक विनंती आहे. सर छत्तीस वेळा गेले आहेत, मी एकदा. पुढच्या सहलीला सरांनी आमच्याबरोबर यावं. मुलं शिकतील, मीही शिकेन."

आता हे भाबडेपणाने म्हटलं की दुसऱ्या कशाने, ते मला आजवर कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखू येणं अवघडच. अध्यक्षांना सूचना फारच आवडली. बाईंनी ठराव लिहिला आणि तो एकमताने मंजूर झाला. म्हणजे सरांनाही हात वर करावा लागला.

त्या सहलीला मी होतो. दुसरा मोठा माणूस हवा असा नियम होता, म्हणून ताईने मला पिटाळलं. सर वेळेवर आले. पायात नवेकोरे बूट, एका तळव्यावर किमतीची चिठ्ठी तशीच. पहिला फाटा आला. सर थांबले, मुलांकडे वळले आणि परीक्षा घेतल्यासारखं म्हणाले, "सांगा पाहू, आता कुठल्या बाजूला?"

"डावीकडे!" मुलं ओरडली.

"शाब्बास!" म्हणून सर डावीकडे वळले.

मानलं मी त्यांना. असे पाच फाटे त्यांनी काढले. प्रत्येक वेळी भावोजी मागून मान हलवत होते. दोन तासांनी ओढा आला. अलीकडच्या खांबाच्या डोक्यावर एक झाड उगवलं होतं. खोड माझ्या दोन्ही हातांत मावलं नसतं आणि मुळं दगडांच्या फटींतून पाण्यापर्यंत उतरलेली. बावीस मुलांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर," चष्मिस म्हणाला. तो अगदी मनापासून विचारत होता. "पूल हल्लीच पडला ना? मग त्यावर हे झाड कसं उगवलं?"

सर काठावरच्या दगडावर बसले. बुटाची नाडी सोडायला लागले. मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड. लांबी प्रथमोपचाराची पिशवी घेऊन त्यांच्यासमोर बसली, जखम पुसली आणि पट्टी लावली. बाकीच्या मुलांना भावोजींनी काटक्या गोळा करायला धाडलं.

मुलं लांब गेल्यावर सर म्हणाले, "पहिल्या वर्षी मी खरंच नेणार होतो. सगळी तयारी होती. परवानगीचा अर्ज पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. सहलीची तारीख उलटून गेली आणि अहवाल का पाठवला नाही म्हणून पत्र आलं. ताकीद होती. मग मी अहवाल पाठवला."

"मग?" मी विचारलं.

"अभिनंदनाचं पत्र आलं." सर ओढ्याकडे बघत होते. "घरी सगळ्यांना दाखवलं. आईने ते फ्रेम करून लावलं. पुढच्या अहवालाला आणखी चांगलं आलं. तुम्हाला सांगतो, एकदा मला वाटायला लागलं होतं की मी जाऊन आलोय. माळावरचा वारा वगैरे आठवायचा."

भावोजी त्यांच्या शेजारी बसले. वही काढली.

"तुमचे किती?"

"काय किती?"

"फोड."

सरांनी दुसरा मोजा काढून पाहिला. "दोन."

भावोजींनी लिहून घेतलं. वही खिशात ठेवली आणि म्हणाले, "पाणी गार आहे. बूट गळ्यात अडकवा, म्हणजे भिजणार नाहीत."

सरांनी ओढा ओलांडला. एका बाजूला लांबी, दुसऱ्या बाजूला माझी भाची. मधे त्यांचा पाय सटकला, तेव्हा त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो प्रतिज्ञेत बसणारा नव्हता. मुलं खूश झाली. माळावर पोचल्यावर वारा खरंच होता. सर बराच वेळ एकटे उभे होते. कुणी त्यांच्या जवळ गेलं नाही.

या सहलीचा अहवाल मी लिहितो म्हणून सर हटून बसले. त्यांना तीन आठवडे लागले. त्यात त्यांनी लिहिलं की पूल नाही, मी पाहिलेला नाही, आणि माझे आधीचे छत्तीस अहवाल रद्द समजावेत. कार्यालयात पुन्हा बैठक झाली. चिटणीसबाईंनी सगळी कपाटं उलटीपालटी केली, पण अहवाल मागे घेण्याचा अर्ज कुठे सापडला नाही, कारण असा प्रसंगच कधी आला नव्हता. शिवाय त्या छत्तीस अहवालांवर जिल्ह्याला ढाल मिळालेली, ती अध्यक्षांच्या खुर्चीमागे टांगलेली. ती उतरवायला कुणाचा हात धजेना. शेवटी समितीने सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढला. सरांचा अहवाल 'पाहिले' असा शेरा मारून दप्तरी दाखल केला, आणि अहवालाच्या छापील नमुन्यातून फोडांचा रकाना अनावश्यक म्हणून वगळला.

भावोजी तो रकाना अजून हाताने आखतात. चिटणीसबाईंनी दोनदा तंबी दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. मी ऐकलं की त्यांच्या कचेरीतल्या मैत्रिणीचा मुलगा पथकात आहे आणि बाई ते अहवाल घरी नेऊन वाचतात. खरंखोटं मला माहीत नाही.

भाची तीन वर्षांनी पथकातून बाहेर पडली. भावोजी राहिले. ताई कुरकुरते, "मुलगी कॉलेजात गेली, बाप अजून अर्ध्या चड्डीत." पण रविवारचे डबे तीच भरते, आणि हल्ली स्वतःहून दोन जास्त भरते.

सरांनी त्या बैठकीनंतर प्रशिक्षकाचं पद सोडलं. बिल्ले काढून ठेवले. पुढच्याच शनिवारी ते व्यायामशाळेत येऊन दाराशी उभे राहिले. भावोजींनी मुलांच्या सगळ्यात लहान गटाकडे बोट दाखवलं. आता दर शनिवारी सर पायऱ्यांवर त्या मुलांमध्ये बसलेले असतात. मांडीवर सुतळीचा तुकडा. साधी सुरगाठ त्यांना येत नव्हती, ती शिकायला दोन महिने लागले. परवा मी गेलो होतो तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी त्यांच्या हातातली पुढची गाठ चौथ्यांदा सोडवत होती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही घाई करता."

"बरं," सर म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.