बोनटवरची मोहफुलं

एसी लावला की गाडीत खडखड व्हायची आणि आंबूस वास सुटायचा. तो आवाज रेकॉर्ड करून मी आमच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मूल गावच्या एकाने विचारलं, "मोहफुलं कुठी वाळवता भाऊ?"

मला रागच आला. मी गाडीचं विचारतोय, हा फुलांचं बोलतो. तरी त्याने पाठवलेला व्हिडिओ बघत मी डॅशबोर्डचा कप्पा काढला आणि त्यामागचा एसीचा फिल्टर ओढला. मोहफुलांचा ढीगच मांडीवर पडला. आई तापलेल्या बोनटवर फुलं पसरते. वायपरखालच्या तुटक्या जाळीतून फुलं आत गेली होती.

ग्रुपवर फोटो टाकला, तर संध्याकाळपर्यंत तिघांच्या गाडीत फुलं निघाली.

आईला चिडून बोलावलं. तिने एक फूल दाबून पाहिलं. "बोनटापेक्षा इथीच चांगली वाळली रे."