बत्तीची फुटलेली प्लेट

वसईच्या खाडीच्या तोंडाशी उभा असलेला दीपगृहाचा बिडाचा मनोरा सुटा करून आत खडकावर हलवला, त्या कामावर मी होतो. चोविशीतला, ठेकेदाराचा सुपरवायझर. खाडी पायाखालची जमीन खात चालली होती. इंग्रजांच्या काळात मनोरा सुट्या प्लेटा होऊनच जहाजातून आला होता. आम्हीही तसाच सुटा करायचा, प्रत्येक प्लेटवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा, पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, भरायचा आणि नव्या जागी नंबरवारीने जोडायचा. गावात त्याला बत्तीच म्हणतात.

यंदा दीपगृहाच्या कचेरीने मला बत्तीची माहिती लिहून द्यायला सांगितलं. फिरायला येणारे विचारतात, सगळ्या प्लेटा बिडाच्या, मग मधलीच एक पोलादी कशी? उत्तर मला ठाऊक होतं. ते मी कुणाला दिलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आमचे फिटर नंदाखाल गावचे, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. गंजून बसलेला नट ते गॅसच्या ज्योतीने तापवायचे आणि मग बाजूला बसून राहायचे. "बीड लय रागीट, साहेब. आपोआप निवू द्यायचं. घाई चालत नाही त्याला."

त्या दिवशी नट तापवून ते जेवायला गेले. भरती चढत होती. पडाव निघायला तासभर उरला होता आणि खेप चुकली तर बोलणी मला बसणार होती. मी बादलीभर पाणी उचललं आणि तापलेल्या प्लेटवर ओतलं. वाटीला चमचा लागावा तसा बारीक आवाज झाला. नटाच्या बाजूने केसाएवढी रेघ गेली होती. मी तिच्यावर ग्रीस फासलं.

मिस्त्री आले, नटावर हातोडीचा एक ठोका घातला आणि प्लेटचे दोन तुकडे झाले. ते हातातल्या हातोडीकडे बघत राहिले. तेव्हा मी म्हणालो, "जरा जोरात बसला वाटतं."

पाणी ओतलं ती चूक होती. हे वाक्य मात्र चुकून निघालं नव्हतं.

फुटलेल्या प्लेटच्या जागी पोलादी बसवली, आणि जोडणीच्या कामावर त्यांना घेतलं नाही.

मी वसईतच राहिलो. फ्लॅट घेतला, मुलं मोठी झाली. नंदाखालच्या वाटेला जायचं टाळत आलो. मनाची समजूत घालत होतो की इतका जाणता माणूस, त्याला कळलंच असेल. यंदा गेलो तेही माहिती विचारायचं निमित्त करून.

मिस्त्री केळीच्या बागेतून हात पुसत आले. सत्तरी उलटलेली, तरी ताठ. त्यांची बायको शहाळं आणि कोयता घेऊन आली. मी म्हटलं, "मिस्त्री फोडतील की."

"यांच्या हातात नको," स्वतःच शहाळं फोडून देत ती हसत म्हणाली. "गावात बत्तीफोड्या म्हणतात यांना. लग्नकार्यात नारळ फोडायची वेळ आली की पोरं यांच्याच नावाने हाका मारतात."

मिस्त्रीही हसले. "खोटं नाही ते. हात जड पडला माझा. मोठी हातोडी मग धरलीच नाही मी."

म्हणजे त्यांना काहीच कळलं नव्हतं. इतकी वर्षं ते माझा दोष स्वतःच्या हाताला लावून बसले होते. मी शहाळं खाली ठेवलं आणि सांगितलं. पाणी, ग्रीस, ते वाक्य, सगळं.

 त्यांनी विचारलं, "किती पाणी?"

"बादलीभर."

"एकदम?"

"एकदम."

त्यांनी उजवा तळवा उलटासुलटा करून पाहिला. बायकोचं हसू कधीच मावळलं होतं. "आणि एवढी वर्षं तोंडात काय केळं धरलेलं?" ती म्हणाली.

"ओरडू नको त्याला," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘साहेब’ म्हणणं गेलं होतं. "चल. रिक्षा बोलव. मला जोड बघायचाय."

जोडलेली बत्ती त्यांनी जवळून कधी पाहिलीच नव्हती. पोलादी प्लेटवर हात ठेवून ते उभे राहिले, मग एकेक थर निरखत भोवती फिरले. "नंबर तू टाकलेलेस ना?"

"हो."

"बरोबर टाकलेस. एक प्लेट चुकली नाही." त्या घडीला ते मला काहीही म्हणू शकले असते. ते हे म्हणाले.

फोटो काढणाऱ्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, ही प्लेट वेगळी का हो?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याने फोडली. तापल्या बिडावर पाणी ओतलं, येड्याने."

"खरंच, काका?"

"हो," मी म्हणालो. "मीच."

बत्तीच्या माहितीत मी हे लिहून दिलं आहे. कारणासकट, म्हणजे पुढे कुणाला ती पुन्हा हलवावी लागली तर उपयोगी पडेल. परतताना मिस्त्रींनी रिक्षावाल्यालाही सगळं सांगितलं. आता रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की त्यांचा फोन येतो: "आज अजून दोघांना सांगितलं तुझं."

"बरं केलंत, मिस्त्री," मी म्हणतो. आणि ते फोन ठेवायच्या आत विचारून घेतो, पुढच्या रविवारी कुणाला सांगणार.